टेबलाखालची पावलं

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लाकडावर नक्षी कोरली होती. दारं, खुर्च्या, पलंगाच्या उशाकडच्या फळ्या. पण शिकवायची वेळ आली, तेव्हा त्यांच्या हातात साबणाची वडी आणि जेवणाचा चमचा आला.

मुलींचं सुधारगृह होतं ते. चोरी करताना सापडलेल्या, घरातून पळालेल्या, कुणाच्या तरी नादी लागून वाट चुकलेल्या तेवीस मुली. तिथल्या अधीक्षकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मिस्त्री, धारेची एकही वस्तू आत येणार नाही. जीभसुद्धा जरा बोथट करून या."

मिस्त्री तर तेव्हाच परत फिरणार होते. पण घरी बायकोने निक्षून सांगितलं होतं, "रिकाम्या वेळात घरी बसून माझं डोकं पोखरण्यापेक्षा तिथे जा. कुणाचं भलं झालं तर झालं, माझं तर नक्कीच होईल."

मग जेवणघरातल्या लांबलचक टेबलावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी साबणाचा भुगा पडू लागला. कुणाचा ससा व्हायचा, कुणाचा ससा करता करता बटाटा व्हायचा. मुली खिदळायच्या. मिस्त्रींना मनातून ते आवडू लागलं.

टेबलाभोवती मात्र बावीसच मुली बसत. तेविसावी टेबलाखाली असे.

ती सोळा वर्षांची होती, अंगाने काडी. भिंत असो की नळ, सरसर चढायची म्हणून मुली तिला खार म्हणत. जेवायलाही ती वर येत नसे. सुरुवातीला तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न झाला. तिने दोघींना कडकडून चावलं. तेव्हापासून ताट खालीच सरकवलं जायचं.

मिस्त्रींनी तिला कधी हाक मारली नाही. नुसती एक वडी आणि चमचा खाली सरकवून ठेवायचे. वडी तशीच्या तशी परत यायची. असं तीन महिने चाललं.

चौथ्या महिन्यात मिस्त्रींनी मोठ्या बाईंपुढे अक्षरशः नाक घासलं, आणि खऱ्या लाकडाला परवानगी मिळाली. अट एकच. मिस्त्रींनी येताना हत्यारं स्वतः मोजून आत आणायची, जाताना मोजून बाहेर न्यायची. तिसऱ्याच दिवशी एक हत्यार कमी भरलं. बोटभर लांबीची, गोल तोंडाची, सगळ्यात बारीक कोरणी.

मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. "मिस्त्री, सगळं आहे ना?"

खरं बोलावं तर झडती, बोलाचाली, वर्ग कायमचा बंद. खोटं बोलावं, आणि उद्या त्या कोरणीने कुणी काही करून घेतलं तर?

"आहे. ती बारकी घरीच राहिली," ते म्हणाले, आणि खुर्चीत जरा सावरून बसले.

त्यानंतरचे दीड महिने मिस्त्रींना घास गोड लागला नाही. फोन वाजला की धावत जाऊन उचलायचे. मुलींच्या मनगटांकडे ते चोरून बघायचे. बायकोने विचारलं, तर म्हणायचे, "काही नाही, पित्त आहे." पण काहीच घडलं नाही. खार टेबलाखाली, मुली टेबलाभोवती. दुपारी भांड्यांचा खणखणाट, मुलींचा कलकलाट, सगळं नेहमीसारखं.

मग एका शुक्रवारी, फरशी नुकतीच पुसून झाली होती तेव्हा, स्वयंपाकीणबाईंच्या हातून एक बटाटा सुटला आणि गडगडत टेबलाखाली गेला. खार तेव्हा आंघोळीला गेली होती. बाई कमरेवर हात ठेवून, कुरकुरत खाली वाकल्या. आणि वर आल्याच नाहीत.

"बाई, अडकलात की काय?" एकजण हसली.

टेबलाखालून चमत्कारिक आवाज आला. "मिस्त्री, इकडे या. आधी तुम्ही या."

मिस्त्रींची पाठ धरलेली असायची. तरी ते ओणवे झाले, मग गुडघ्यांवर आले, आणि शेवटी सरळ ओल्या फरशीवर उताणे आडवे झाले. खिडकीतलं ऊन फरशीवर पडून वर टेबलाच्या पोटावर उजळत होतं.

तिथे पावलं होती.

या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक जागेखाली, त्या जागी बसणाऱ्या मुलीची पावलं. कोरलेली, पण लाकडातून जणू वर येऊ पाहणारी. एकीची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. एक पाऊल दुसऱ्यावर ठेवलेलं, थंडीत ठेवावं तसं. दोघी बहिणी शेजारी बसत, त्यांची चार पावलं एकमेकींत अशी गुंतलेली की कुठलं कुणाचं ते कळू नये. सगळ्यात धाकटीचे पाय जमिनीला टेकत नसत. तिच्या पावलांखाली रिकामं लाकूड सोडलेलं होतं, आणि त्या रिकामेपणामुळे ती खरोखर लोंबकळत होती. कडेला स्वयंपाकीणबाईंचे सुजलेले घोटे, चपलेचा पट्टा सैल सोडलेला.

मिस्त्रींनी हात वर नेला, पण त्यांना स्पर्श करवेना. श्वास घेतला तरी ती पावलं हलतील असं त्यांना वाटलं. लाकडी मोगरीचा एक ठोकाही न मारता, नुसत्या तळहाताच्या दाबाने, उताणं पडून, अर्धवट उजेडात हे केलेलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाईक सांगेल तशा वेली कोरल्या, मोर कोरले. लोकांनी वाहवा केली. पण त्यांचा एकही मोर कधी असा जिवंत नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कधी वाहू लागलं आणि कानापर्यंत कधी पोचलं, त्यांना कळलं नाही.

एव्हाना मुली चारही बाजूंनी आत घुसल्या होत्या. "ए, हा माझा अंगठा!" "अगं, मी अशी बसते?" आणि मग एकेक जण आपल्या पावलांवरून हळूच बोट फिरवू लागली. आपल्याकडे इतकं निरखून कुणीतरी पाहिलंय, हे त्यांना नवीन होतं.

गलका ऐकून मोठ्या बाई आल्या. "हे काय चाललंय? टेबल सरकारी आहे!" त्या स्वतः खाली वाकल्या, नंतर पदर खोचून आडव्या झाल्या. टेबलाच्या टोकाला त्यांची खुर्ची असे. त्या जागेखाली एक बूट रिकामा होता आणि त्यातून निघालेली टाच दुसऱ्या पायाची पोटरी चोळत होती. दिवसभर सगळ्यांसमोर ताठ वावरणाऱ्या बाई टेबलाखाली असा पाय चोळतात, हे त्यांच्या नवऱ्यालाही ठाऊक नसेल. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

बाहेर आल्या तेव्हा खार दारात उभी होती. केस ओले, चेहरा पांढराफटक.

"कोरणी कुठाय?" बाईंनी विचारलं.

खारीने टेबलाच्या फळीच्या फटीतून चिंधीत गुंडाळलेली कोरणी काढली. पुसलेली होती. तेलाचा हातही फिरवलेला होता.

"पावलंच का गं?" मिस्त्रींनी फरशीवरूनच विचारलं.

ती प्रथमच बोलली. आवाज घोगरा होता. "मामा मला चोरीसाठी लोकांच्या घरात खिडकीतून सोडायचा. घरातलं कुणी मधेच आलं, की मी पलंगाखाली. तिथून पायच दिसतात. पाय बघून कळतं, हा माणूस झोपणार की शोधणार. तोंड खोटं बोलतं. पायांना जमत नाही." ती थांबली. "चोरीच्या पैशांतून माझी बहीण सोडवून आणतो, असं मामाने सांगितलं होतं. बहीण तर कधीच मेली होती. मामाने मलाच मामा बनवलं."

खारीने कोरणीवरची चिंधी परत गुंडाळली.

"आणि काका, ते तुमचे," तिने टेबलाच्या मधल्या भागाकडे बोट दाखवलं.

मिस्त्री सरकले. त्यांची पावलं खुर्चीच्या पायामागे लपलेली होती. दहाच्या दहा बोटं आत वळलेली.

"कोरणी घरी राहिली म्हणालात ना, तेव्हाचे आहेत."

मिस्त्रींना लाजेने मेल्यासारखं झालं. ते उठून बसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, मी खोटं बोललो. चूक आधी माझी आहे, हिची नंतर."

मोठ्या बाईंनी नियमाप्रमाणे सगळं कागदावर लिहिलं. मिस्त्रींचं खोटंही लिहिलं. दोन आठवडे वर्ग बंद राहिला. मग वरून तीन साहेब चौकशीला आले. कागद वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाई एवढंच म्हणाल्या, "साहेब, एकदा आडवे व्हा." कडक इस्त्रीची तीन माणसं ओळीने टेबलाखाली गेली, आणि बाहेर येताना कुणालाच दुसऱ्याकडे बघवेना. त्यातल्या म्हाताऱ्या साहेबांनी कागदावर सही करताना विचारलं, "हिला मिस्त्रींच्या कारखान्यात शिकायला पाठवता येईल का?"

टेबल उलटं करून भिंतीला लावावं, असं कुणीतरी सुचवलं. खार म्हणाली, "नको. मग जेवायचं कशावर?" तेव्हा टेबल तसंच राहिलं.

आठवड्यातून चार दिवस ती मिस्त्रींच्या कारखान्यात येऊ लागली. तिला घेऊन जायला मामा आलाच. गोड बोलला, रडलासुद्धा. खारीने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खाली पाहिलं आणि म्हणाली, "मामा, तुझे पाय केव्हाचे दाराकडे वळलेत. जा तू. मला काम आहे."

मामा गेला.

त्या दुपारी मिस्त्रींनी मनाचा हिय्या केला. चपला काढल्या, पाय समोरच्या स्टुलावर ठेवले, मांडीवर सागाचा एक तुकडा घेतला आणि म्हणाले, "टाच कशी काढलीस गं? मला येत नाही. शिकव."

खारीला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्यांनी तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा टाचेचा कांदा झाला. शेवटी तिला राहवेना.

"काका, घाई कसली आहे?" तिने त्यांच्या हातातली कोरणी अलगद काढून घेतली. "नुसतं बघत बसा आधी. कुठे भार पडलाय ते बघा."

मिस्त्री स्वतःच्याच टाचेकडे बघत बसले, पहिल्या दिवशी शाळेत गेलेल्या पोरासारखे.