हिरव्या पडद्यावरचा डाग

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. तीन घड्यांच्या लोखंडी चौकटीवर ताणलेला, खाली चाकं असलेला, सरकारी दवाखान्यातला पडदा. ज्या ताग्यातून मला फाडलं, त्याच ताग्यातली माझी भावंडं चादरी झाली, उशांचे अभ्रे झाली. मला मात्र बाळं जन्मतात त्या खोलीत उभं केलं.

त्या खोलीत आईला फार दुखतं. ती ओरडते, रडते, तिला अंगावरच्या कपड्यांचं भान राहत नाही. अशा वेळी दारातून येणाऱ्याजाणाऱ्याची नजर तिच्यावर पडू नये, एवढंच माझं काम. "आधी पडदा ओढ गं," असं सिस्टर मावशीला म्हणाल्या की माझी छाती फुगायची. मावशी म्हणजे खोली झाडणारी, सगळ्या दवाखान्याची मावशी.

आणि मग तो आला. हिरवागार, कोरा करकरीत, छतालगतच्या दांडीवर कड्यांनी सरकणारा! सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. कापड काय मऊ आहे, रंग काय डोळ्यांना थंड आहे! मावशी तर त्याला हात लावण्याआधी हात धुऊन आली. माझ्यासाठी कधी धुतले होते हो तिने हात? खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला.

त्यात सिस्टरांनी त्याला तिथेच दांडीशी गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी चढवून, दोरीने बांधून ठेवलं. मोठे साहेब पाहणीला येणार होते. मागच्या पाहणीत माझ्यावरच्या एका डागावरून सिस्टरांनी सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली होती. पाहणी होईपर्यंत नव्याला कुणी हात लावायचा नाही आणि हे जुनं धूड आत दिसायला नको, असा हुकूम सुटला. माझी रवानगी व्हरांड्यात झाली. मावशी माझ्यावर फरशी पुसायची फडकी वाळत घालू लागली. उघड्या दारातून मला ती पिशवी दिसायची. काही काम नाही, धाम नाही, आणि लाड बघा!

नव्याला हात लावायचा नाही आणि जुना बाहेर. म्हणजे खोलीत पडदाच उरला नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एके दिवशी सकाळी एक शिंपीण बाळंतपणाला आली. सोबत सासू होती. शिंपीण खाटेवर बसली, तिने उघडं दार पाहिलं, समोरच्या बाकावर बसलेली माणसं पाहिली आणि चपला शोधू लागली. पहिल्या वेळी दुसऱ्या एका दवाखान्यात सगळ्या जगासमोर ती बाळंत झाली होती. पुन्हा ती शोभा नको, मी घरी जाते, म्हणाली. सासू विनवण्या करून थकली. सिस्टरांचा चेहरा उतरला. शिंपिणीचं बीपी फार वाढलं होतं. अशा अवस्थेत घरी जाणं म्हणजे तिच्या आणि बाळाच्या जिवाशी खेळ होता.

तेवढ्यात शिंपिणीची नजर वर गेली.

"एवढं चांगलं कापड वर बांधून ठेवलंय, ते कुणासाठी?"

साहेब पाहणीला यायचेत, असं सिस्टर कशाबशा म्हणाल्या.

"साहेब बाळंत होणार आहेत का?"

मावशीला हसू फुटलं, पण सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मावशीला मला आत आणायला पाठवलं. मावशीने फडकी भिरकावली आणि मला खडखडत आत ओढलं. मी दारापुढे उभा राहिलो. अहाहा! पण माझ्या मधल्या घडीला हे एवढं भोक, आणि खिडकीची बाजू उघडीच. सिस्टर स्टुलावर चढल्या आणि त्यांनी कात्रीने ती पिशवी टराटरा फाडली. हिरवा पडदा सर्रकन खाटेभोवती फिरला. माझ्या तोंडचा घास गेला हो! पण शिंपीण चपला सोडून मुकाट्याने आडवी झाली. सासूला तिच्या उशाशी बसू दिलं. दुपारी बाळाने असा काही टाहो फोडला, की बाकावरची माणसंसुद्धा हसली.

त्या गडबडीत हिरव्यावर औषधाचा तपकिरी डाग पडला. मावशीने घासघास घासला, तरी गेला नाही.

साहेब आले. त्यांचं बोट नेमकं त्या डागावर गेलं. सिस्टरांनी मान ताठ केली, ते मी दारापुढून पाहिलं.

"वापरलाय, साहेब," त्या म्हणाल्या. "आता रोज वापरणार."

साहेबांनी बोट मागे घेतलं आणि ते पुढच्या खोलीकडे वळले.

मित्रांनो, पिशवीतल्या त्या हिरव्यावर मी जळलो होतो, पण त्या दिवशीचं जळणं काही औरच होतं. माझ्या अंगावर डागच डाग आहेत, त्यांतल्या एकासाठीही कधी कुणी अशी मान ताठ केली नाही. अजूनही तो डाग दिसला की माझा तिळपापड होतो. आता मी दार सांभाळतो, तो खाट सांभाळतो. आमचं बोलणं नाही.

तरी माझं एक ऐका. तुम्ही मोठे व्हाल, कुणी डॉक्टर व्हाल, कुणी सिस्टर, कुणी पाहणी करणारे साहेब. पडदे मळू द्या, फाटू द्या, नवे आणा. पण झाकायचंच असेल, तर आधी खाटेवरच्या बाईला झाका. पडद्याला झाकून ठेवू नका.