दिनानाथची खांड

गाडी आवाज करते म्हणून माणसं वैतागतात. हिरामणच्या गाडीचा आवाज बंद झाला आणि तिथेच घात झाला.

गाडी म्हणजे जुनी जपानी डिझेल पिकअप. कोकण रेल्वेच्या कामावरचा एक ठेकेदार कोलाडजवळचा तळ उठवत होता, तेव्हा हिरामणने ती रोह्याला जाऊन घेतली. रंग उडालेला, एक दरवाजा दोरीने बांधलेला. पण तळावरच्या केरू ड्रायव्हरने किल्ली देण्याआधी त्याला गाडीखाली वाकायला लावलं आणि मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्यावर थाप मारली.

"डिफरन्सल साधा नाय हिचा. आत पोलादी चकत्या हायत. साध्या गाडीचं एक चाक चिखलात घसरलं की इंजिनाचा सगळा जोर त्यातच फुकट जातो, दुसरं नुसतं मजा बघतं. हिच्या चकत्या एकमेकींना धरतात नि दुसऱ्या चाकाला ओढायला लावतात. वळणावर जरा कुरकुरंल. कुरकुरू दे. कुरकुरते तवर ती तुझी."

हिरामणचं गाव गडबपासून पश्चिमेला आत, खारेपाटात. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये मातीचा बांध. उधाणाच्या भरतीला तो बांध फुटला, म्हणजे खांड गेली, की खारं पाणी शेतात घुसतं. उभं पीक तर जातंच, वर दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड गवत उगवत नाही. बांधावरची वाट चिकण मातीची. ट्रॅक्टर तिथे रुततो, डंपरवाला तर लांबूनच हात जोडतो. पिकअप मात्र दगडमातीच्या गोण्या पाठीवर घेऊन, कुरकुरत, खांडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. बांधाची राखण करणारा म्हातारा सखा तिला 'आमची म्हैस' म्हणायचा आणि हिरामणची छाती फुगायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पिकअपचं तेलपाणी करायचं म्हणून हिरामण ती पेणला, रामवाडीत, दिनानाथच्या गॅरेजवर सोडून आला. दिनानाथ म्हणजे थोरल्या बहिणीचा, विमलबाईचा, नवरा, हिरामणचा दाजी. माणूस हाताने कसबी, मनाने उदार, पण विचारणं म्हणून त्याला ठाऊक नाही. घरात पाहुणा आला तर तो त्याच्या ताटातलं लोणचं बदलेल आणि वर म्हणेल, हे खा, ते चांगलं नव्हतं.

दसऱ्याला पिकअप झेंडूच्या माळा घालून दारात आली. हिरामणने ती अंगणात गोल वळवली. आवाज नाही. "नव्या तेलाचा गुण," तो बायकोला, पुतळीला, म्हणाला आणि पेढा तोंडात टाकला. केरूचं बोलणं तेव्हाच आठवायला हवं होतं. पण सणाच्या दिवशी कोण गाडीखाली वाकतो?

कोजागरीच्या सकाळी खांड गेली. खेकड्यांनी पोखरलेला बांध सखाच्या डोळ्यांदेखत खचला. त्याने बोंब ठोकली आणि गाव धावलं. खांड गेली की घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर जायचंच, मग घरात बारसं असो की मयत. हा रिवाज कुणी मोडत नाही. भरती दुपारची होती. भात पिवळं पडायला लागलेलं. खांड अजून लहान होती, एका माणसाने लांब उडी मारून ओलांडावी एवढी. पिकअपभर गोण्या वेळेवर पडल्या असत्या तर काम झालं होतं.

हिरामण गोण्या भरून निघाला. मागे शेजारचा कान्हू उभा. बायका रांग करून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे देत होत्या, त्यांनी पिकअप पाहिली आणि वाट दिली. खांड हाकेच्या अंतरावर आली आणि डावं मागचं चाक घसरलं.

हिरामणला काळजी वाटली नाही. आता उजवं धरेल, त्याने मनात म्हटलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. डावं चाक भिरभिरलं. चिखल उडाला, कान्हू डोक्यापासून पायापर्यंत माखला. पिकअप तसूभर हलली नाही. हिरामणने हँडब्रेक अर्धा ओढून पाहिला, मागे घेऊन पाहिली. शेवटी कान्हूच्या हातात स्टिअरिंग देऊन तो खाली उतरला आणि वाकला. डावं चाक गरगर फिरत होतं. उजवं शांत उभं होतं. लग्नात रुसलेल्या जावयासारखं.

चकत्या नाहीत. कुणीतरी तिच्या पोटातल्या चकत्या काढल्या होत्या.

आणि ते कुणीतरी समोरच होतं. दिनानाथ सासुरवाडीला कोजागरीचं दूध प्यायला म्हणून सकाळीच आलेला, पांढराशुभ्र लेंगा-सदरा घालून बांधावर उभा होता आणि चार माणसांना फावडं कसं धरावं ते सांगत होता.

"दाजी! डिफरन्सल उघडलात तुम्ही?"

"मग? तुला सांगायचंच राहिलं." दिनानाथचा चेहरा खुलला. "किती कुरकुर करायची रे ती! लोक म्हणतील, दिनानाथच्या मेव्हण्याची गाडी नि अशी? आत जादाच्या चकत्या भरल्या होत्या कुणीतरी. काढून टाकल्या. आता कशी गप चालते."

"जादाच्या?"

"अरे, कुठल्याच गाडीत नसतात त्या. एवढी वर्षं धंद्यात हाय मी."

"म्हणून तर घेतली होती! कुठल्याच गाडीत नसतात म्हणूनच तर घेतली होती, मूर्खा!"

बायकांची रांग थांबली. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मूर्ख म्हणायची त्या गावात पद्धत नव्हती. हिरामणच्या हातात जॅकचा दांडा कधी आला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. सखाने मध्ये पडून तो हात धरला. "मग मार त्याला. आधी पाणी बघ."

पाणी थांबून राहिलं नव्हतं. चाकाखाली पेंढा झाला, फळ्या झाल्या, गोणपाट झालं. पिकअप आडवी अडकल्यामुळे मागच्या बैलगाड्यांनाही पुढे जाता येईना. शेवटी सगळ्यांनी मिळून ती उचलल्यासारखी रेटत खांडीच्या तोंडाशी नेली, तेव्हा खांड पिकअपच्या लांबीएवढी झाली होती. पहिली गोण टाकली, पाण्याने ती उचलून शेतात भिरकावली. दुसरीही गेली. तिसरी कुणी टाकलीच नाही.

एकेकाची नजर भरल्या पिकअपकडे जाई आणि लगेच दुसरीकडे वळे. कुणी बोलेना. हिरामणला सगळ्यात जास्त राग आला तो याचा. मनात सगळ्यांच्या एकच, पण तोंडातून काढायचं हिरामणने! पुतळी त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अवं, बोला काय ते. सगळी तुमच्या तोंडाकडं बघतात."

"बघू देत!" तो ओरडला. "बघा! चांगली बघून घ्या! आणि मग लावा हात, ढकला तिला आत! तेच पायजे ना तुम्हाला?"

गावाने हात लावले. हिरामणने मागच्या फळीला खांदा दिला, तर शेजारी आणखी एक खांदा येऊन टेकला. दिनानाथचा. पांढरा सदरा चिखलाने काळा. हिरामणने त्याच्याकडे पाहिलं नाही. पिकअप कलली, क्षणभर काठावर राहिली आणि दसऱ्याच्या सुकलेल्या माळेसकट नाक खाली घालून खांडीत बसली. पाणी तिला धडकून फिरलं. तिच्या अंगाला लागून गोण्या थांबू लागल्या, गोण्यांना ढेकळं. भरती चढली, टेकली आणि उतरली. भात वाचलं.

खांड भरली की नारळ फोडायचा आणि तिला नाव द्यायचं, हाही रिवाज. पलीकडे 'सगुणाची खांड' आहे. ती सगुणा कोण हे आता कुणालाच माहीत नाही, पण वाट सांगताना तिचं नाव घेतात. सखाने नारळ हातात घेतला. "हिरामणची खांड म्हणू."

"माझं नाव नको!" हिरामणचा आवाज फाटला. "ह्याचं द्या! दिनानाथची खांड म्हणा! पोरासोरांनी जन्मभर विचारू दे, कोण होता हा दिनानाथ, नि काय करून ठेवलं त्यानं—"

पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. दिनानाथने मोठ्याने हंबरडा फोडला आणि चिखलाच्या हातांनी हिरामणला मिठी मारली. "मेव्हण्या! एवढं मोठं मन तुझं! गाडी तुझी गेली नि नाव माझं?" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सखाने नारळ फोडला. झालं. हिरामणच्या शिवीचं गावाने मानपत्र करून टाकलं आणि त्याला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही.

भाऊबीजेला तो रामवाडीला जाणार नव्हता. पुतळीने धाडला. "वन्संचा काय गुन्हा त्यात?" ती म्हणाली. एसटीने गेला. विमलबाईने पाट मांडला, रांगोळी घातली, कुंकू लावलं. ओवाळायला ताट उचललं तेव्हा हिरामणची नजर निरांजनाखाली गेली. तिथे एक गोल पोलादी चकती होती. कडेला दाते, मध्ये मोठं भोक. घासूनपुसून लखलखीत.

"हे काय गो, ताई?"

"ह्यांनी दिलं दसऱ्याला. आणखीपण हायत, भांड्याखाली ठेवते. निरांजन डुलत नाय बघ जरा." ती हसली. "सगळ्या पेणला सांगत सुटलेत, मेव्हण्यानं माझ्या नावाची खांड केली म्हणून. काय रे भाऊ तू!"

दारातून दिनानाथ म्हणाला, "नवी गाडी आणशील तेव्हा आधी माझ्याकडं आण. तिचापण आवाज घालवतो."

हिरामण पाटावरून उठला. त्याने निरांजन बाजूला ठेवलं आणि गरम चकती उचलली.

"ताई, ही माझ्या गाडीच्या पोटातली हाय. ही तिच्या जागेवर असती तर आज गाडी दारात असती. ती खांड त्याच्या करणीची हाय. म्हणून त्याचं नाव दिलं मी. मान म्हणून नाय दिलं."

दिनानाथने चकतीकडे पाहिलं आणि तो दारातून मागे सरला. विमलबाई ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. ओवाळणं अर्धं झालेलं.

बोलून टाकलं की राग उतरेल असं हिरामणला वाटलं होतं. उतरला नाही. तो न जेवता बाहेर पडला आणि चकती खिशात घालून स्टँडवर गडबच्या एसटीची वाट बघत उभा राहिला.