माझ्यावरची शेवटची चार मिनिटं

मित्रांनो, मी चाळिशी ओलांडलेली चित्रफीत आहे. तीन बोटं रुंद, जाडजूड आणि थोडी तापट. अंतराळयानांच्या एका गाजलेल्या मालिकेचा भाग माझ्यावर उतरवला होता. मालिकेचा नायक आजारी पडला, म्हणून कथेतच त्याचा चेहरा बदलला आणि नवा नट आला. त्याचा पहिला भाग माझ्या वाट्याला आला.

जुन्या नायकाचा कोट त्याला ढगळ होत होता. कपडेपटातल्या बाईंनी पाठीला टाचण्या लावल्या आणि म्हणाल्या, "पाठ फिरवू नका हं, नाहीतर पितळ उघडं पडेल." बिचाऱ्याने सगळा भाग पाठ न फिरवता केला. बघणाऱ्यांना वाटलं, काय ऐट आहे याची. त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण वर्षभरातच तो अचानक वारला.

तेव्हा फितींचा तुटवडा असे. जुनं पुसून त्याच फितीवर नवं उतरवायची रीत होती. जपायच्या फितींची यादी नायक रंगवणाऱ्या नटाच्या नावाने केलेली होती, आणि ते नाव जुन्या नटाचं होतं. नवं नाव त्यात घालायचं कुणालाच सुचलं नाही. भांडारप्रमुखांनी यादी दोनदा चाळली. "यादीत नाही, म्हणजे पुसायची," ते म्हणाले आणि चहाला गेले. त्याचे सगळेच भाग असे पुसले गेले. भांडारप्रमुख माणूस वाईट नव्हते, पण माझा राग अजून गेलेला नाही.

माझ्यावर पोहण्याचे धडे उतरवले. ते आधीच्या भागापेक्षा तोकडे पडले, म्हणून त्या भागाची शेवटची चार मिनिटं वाचली. पुढे मी फडताळात पडून राहिले आणि चित्र आणि आवाज धरून ठेवणारा अंगावरचा लेप सुटू लागला.

गेल्या आठवड्यात एका तंत्रज्ञाने धडे तपासायला मला यंत्रावर चढवलं. शेवटी त्या नटाचा चेहरा दिसताच त्याने मला थांबवलं आणि नटाच्या मुलीला बोलावलं. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती. त्यांचा आवाज तिने कधीच ऐकलेला नाही.

"ताई, ही आता एकदाच फिरेल," तो म्हणाला. "प्रत करायचं यंत्र बिघडलंय, महिना लागेल. तोवर ही टिकेल असं नाही सांगता येत. आत्ता ऐकायचं असेल तर लावतो, पण मग प्रत विसरा."

तिने माझ्या डब्यावर हात ठेवला. मला तिची फार दया आली.

"थांबते," ती म्हणाली. "माझ्या मुलांनाही ऐकू दे."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा आवाज असाच कुठे पडून असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करा. मी रोज थोडी थोडी झडते आहे, आणि यंत्र दुरुस्त व्हायला अजून तीन आठवडे आहेत.