बोटभर कड

"कड जरा जास्त सोड गं. वाचणाऱ्याला बोलायला जागा लागते."

मामंजींचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. माझे सासरे बाइंडर होते. घराच्या पुढच्या खोलीत कागद कापायचं अवजड यंत्र होतं आणि त्याच्या दोन बाजूंना बसून आम्ही दोघी, वन्सं आणि मी, छापून आलेल्या फर्म्यांना, म्हणजे पुस्तकाच्या मोठ्या सुट्या कागदांना, घड्या घालायचो. यंत्राचं पातं खाली येण्याआधी मामंजी दर वेळी तेच सांगायचे. बोटभर जास्त. मग गिऱ्हाईक कुरकुरलं तरी चालेल.

वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. 'पुस्तकं शिवता शिवता राहून गेलं' असं म्हणतात, दूध आणायचं राहून जावं तसं. घडी घालताना जे पान वर येईल ते त्या वाचायच्या. त्यामुळे शेकडो पुस्तकांच्या मधलं त्यांना ठाऊक, सुरुवात आणि शेवट मात्र एकाचाही नाही. एखाद्या दुपारी भाजी निवडताना मधेच विचारायच्या, "तो खलाशी पोचला का गं शेवटी किनाऱ्याला?" मला काय ठाऊक! माझ्या वाट्याला तेव्हा अंकगणिताचा फर्मा आलेला असायचा.

पुढे मामंजी गेले, यंत्र गेलं. जमिनीवर त्याच्या चार पायांचे खड्डे तेवढे राहिले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी वन्संनी दोन गल्ल्या पलीकडच्या कॉलेजात नाव घातलं. विषय होता कागदाचा आणि पुस्तकांचा इतिहास. "आता एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत," म्हणाल्या. तिथल्या बाईंची शिकवायची रीत वेगळी होती. दर आठवड्याला त्या पानं पाठवायच्या. ती वाचायची, कडेला आपलं म्हणणं लिहायचं आणि ती पानं परत द्यायची. हीच परीक्षा. वन्संना यात नवल वाटलं नाही. त्यांच्या बापाने आयुष्यभर त्याच परीक्षेसाठी जागा सोडली होती.

चौथ्या महिन्यात एका सकाळी त्यांच्या हातून कपबशी सुटली, आणि सुटल्याचं त्यांना कळलंच नाही. अर्धांगाचा झटका होता, उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला. उजवा हात आला नाही. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "पाय बरा आहे आजी. मनच बसकण मारून बसलंय."

"आजी कोणाला म्हणतेस?" एवढंच वन्सं बोलल्या. पण दोन महिने त्यांनी उंबरा ओलांडला नाही.

लिहायला एक हात लागतो असं आपल्याला वाटतं. खरं तर दोन लागतात. दुसरा कागद धरून ठेवतो. वन्सं डाव्या हाताने लिहायला बसल्या की कागदच सरकत सरकत मेजाच्या टोकाला जायचा. मी मामंजींचा लोखंडी ठोकळा त्यावर ठेवला, तर ठोकळ्याखालच्याच ओळी त्यांना वाचायच्या असत. अक्षर लिंबाएवढं येई. बाईंची पानं झेरॉक्स केलेली, त्यांना कड म्हणावी तर नखाएवढी. पहिलं अक्षर कड खाऊन टाकायचं, दुसरं छापलेल्या ओळीच्या मांडीवर जाऊन बसायचं.

"द्या, मी लिहिते. तुम्ही नुसतं सांगा."

"माझं मत आणि तुझं अक्षर? उद्या माझ्या वाटचं जेवशील पण."

शुक्रवारी संध्याकाळी उशिरा बाईंचं पत्र आलं. सोमवारच्या वर्गाला निदान एका प्रकरणाच्या नोंदी घेऊन या, नाहीतर नाव पुढच्या वर्षात टाकावं लागेल. वन्संनी पत्र पालथं ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "म्हणजे हेही मधेच."

मला ते ऐकवेना. "मी आणते काहीतरी," मी म्हटलं. "हल्ली लिहायच्या पाट्या मिळतात. धरून ठेवायला नको, आणि कड हवी तेवढी."

"आण," त्या म्हणाल्या. "आणलंस तर सोमवारी वर्गात माझ्या पायांनी जाईन. एकटी." एखाद्या हट्टी पोराला चंद्र आणून द्यायचं कबूल करावं, तसा त्यांचा सूर होता.

आता माझी अडचण. अंघोळ झाल्यापासून दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. एकोणीस वर्षांचा नेम आहे. देवापुढे दिवा लावते आणि त्यानंतरची सकाळ त्याच्याजवळ ठेवते, माझ्या शब्दांवाचून. त्या पाट्यांचं दुकान शनिवारी बारालाच बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही. आमच्या ह्यांना पाठवलं असतं, पण ते समोर येईल ते पहिलंच उचलतात. चप्पलसुद्धा त्यांनी कधी दुसरी घालून पाहिली नाही. तेव्हा मीच गेले. मनात म्हटलं, देवा, तोंड तुझ्याकडे आहे, हात माझे मला दे.

दुकानात पांढरा उजेड होता. सगळीकडे काचा, आणि प्रत्येक काचेत कुठलं तरी आकाश. माशांच्या पेटीत शिरल्यासारखं वाटलं. मी बोलत नव्हते म्हणून की काय, सगळं दुकानच पाण्याखाली गेल्यासारखं संथ झालं होतं. चष्म्याला दोरी लावलेला एक विक्रेता पुढे आला. काय हवंय विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली आणि मांडून ठेवलेल्या पहिल्या टॅबलेटवरचं पेन उचलून लिहिलं, "वर्गातली पानं वाचायला आणि त्यांच्यावर लिहायला हवंय."

त्याने वाचलं, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि माझ्या हातून पेन घेऊन खाली लिहिलं, "हे सगळ्यात जास्त खपतं." बिचाऱ्याला वाटलं, मला ऐकूही येत नाही.

पहिला टॅबलेट रंगीत आणि देखणा होता. पण पेन त्यावर तेल सांडल्यासारखं घसरत होतं, आणि ओळींच्या मागे माझंच तोंड दिसत होतं. वन्संच्या डोळ्यांना आधीच पाणी येतं. शिवाय स्वतःचं तोंड बघत अभ्यास कोण करणार? दुसरा पिसासारखा हलका होता, वाचायला छान, पण त्यावर लिहिताच येत नव्हतं. नुसतं ऐकून घेणारं माणूस जसं. मी मान हलवली.

तिसरा कोपऱ्यात होता. राखाडी, पहाटेच्या धुक्याच्या रंगाचा. त्यात उजेड नव्हता. खिडकीतून येईल तोच उजेड त्याचा. पेन टेकवलं तर बारीक खरखर झाली, शिसपेन्सिल जाड्या कागदावरून जावी तशी. मी डोळे मिटले. समोर पुढची खोली आली, खळीचा वास आला, आणि पातं वर अडकून राहावं तसा क्षणभर काळच अडकला.

मग आमचं त्या राखाडी पानावर बोलणं सुरू झालं. तो खाली लिही, मी त्याखाली.

"यात रंग नाहीत. पान उलटायला वेळही लागतो."

"आम्हाला घाई नाही."

"कोणासाठी?"

"नणंदेसाठी. उजवा हात गेला. मत शाबूत आहे."

तो हसला. "अक्षर मोठं येतं का?"

"लिंबाएवढं. बाई हट्टी आहे. पानाला कड सोडता येते का?"

त्याने उत्तर लिहिलं नाही. एक छापील पान पडद्यावर आणलं, दोन बोटांनी चिमटीत धरल्यासारखं लहान केलं आणि एका बाजूला सरकवून ठेवलं. उरलेला अर्धा पडदा कोरा. बोटभर नाही, तळहातभर कड! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विक्रेता घाबरला. त्याने घाईने लिहिलं, "तुम्हाला जन्मापासून ऐकू येत नाही का?"

"येतं. बारापर्यंत बोलत नाही, एवढंच."

त्याचे कान लाल झाले. तोंड उघडलं, मिटलं, आणि पुढचंही त्याने लिहूनच विचारलं. सुरू झालेला खेळ मोडवेना बहुतेक. "एवढं पाणी का आलं?"

अनोळखी माणसाजवळ कधी कधी खरं निघतं. मी लिहिलं, "ती सोमवारी वर्गात गेली नाही तर पुन्हा घराबाहेर पडणार नाही. मला त्याची भीती वाटते. तिला सांगू शकत नाही, ती चिडेल."

त्याने तेवढा एकच शिल्लक आहे म्हणून मांडलेला तोच पुसूनबिसून खोक्यात घालून दिला. पुसली ती नुसती काच.

घरी पोचले तेव्हा बाराला थोडा अवकाश होता. खोकं वन्संपुढे ठेवून मी देवाजवळ बसले. बाराचे ठोके पडल्यावर उठून बाहेर आले आणि कितीतरी वेळाने तोंड उघडलं, "आवडला का?"

वन्संनी वर पाहिलं नाही. पाटी मेजावर आपल्या वजनाने स्वस्थ पडली होती आणि त्यांचा डावा हात तिच्यावरून सावकाश फिरत होता. मी वाकून पाहिलं आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुकानात त्या पाटीवर झालेलं आमचं सगळं बोलणं जसंच्या तसं तिथे होतं, बाजूला सरकवलेलं. कडेला लिंबाएवढ्या अक्षरांत वन्संच्या नोंदी चालल्या होत्या.

'बाई हट्टी आहे' याच्यासमोर लिहिलं होतं, 'हट्टी नाही. नेमाची. घरात दोघी आहेत.'

'मत शाबूत आहे' याच्यासमोर एक बरोबरची खूण.

माझ्या भीतीच्या त्या शेवटच्या ओळीजवळ मात्र कड कोरीच होती. तिथे पेन टेकून टेकून एक ठिपका झाला होता.

"एकोणीस वर्षं सकाळी तुझ्या मनात काय चालतं याचा मी अंदाज करते आहे," त्या म्हणाल्या. "आज वाचायला मिळालं. हेही मधूनच."

"चिडलात का?"

"अजून ठरवलं नाही. धडा कुठाय?"

ह्यांनी बाईंच्या पानांचे फोटो काढून ते त्या पाटीत उतरवून दिले. शनिवारची दुपार आणि सगळा रविवार घरात तेवढीच बारीक खरखर. पानं लहान होऊन बाजूला सरकत आणि वन्संचं अक्षर त्या मोकळ्या जागेत गुरासारखं खुशाल चरत फिरे. एका पानाला त्यांना अर्धा तास लागायचा. मधे एकदा पेन खाली ठेवून त्यांनी डावं मनगट चोळलं. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "तू तुझं जेवण कर." रविवारी दिवेलागणीला त्यांनी पाटी बंद केली.

सोमवारी सकाळी मी देवापुढे दिवा लावला. वाती नीट करत होते तेव्हा मागे काठीचा आवाज झाला. वन्संनी ठेवणीतली साडी नेसली होती. एका हाताने नेसलेली, थोडी तिरकी. खांद्याला पिशवी होती. वर्ग दहाचा आणि माझं तोंड बंद. सांभाळून जा, पिशवी डाव्या खांद्यावर घ्या, मी येते कोपऱ्यापर्यंत, हे सगळं मनातल्या मनातच बोलून झालं.

काठी भिंतीला टेकवून त्यांनी पिशवीतून पाटी काढून माझ्यापुढे धरली. शनिवारचंच पान होतं. माझ्या शेवटच्या ओळीसमोर, त्या ठिपक्याच्या पुढे, आता एकच शब्द होता. 'जाते.'

मी पेन घेतलं. त्याच्याखाली पुष्कळ जागा होती. मी 'या' एवढंच लिहिलं.

वन्संनी ते वाचलं, पाटी पिशवीत घातली आणि काठी उंबऱ्यापलीकडे टेकवली. मग पाय. खालच्या पायरीवर थोडं थांबल्या. मी दाराची चौकट धरून उभी होते. मागे गेले नाही. काठीचा आवाज गल्लीच्या कडेकडेने हळूहळू पुढे जात राहिला.