शिट्टी वाजल्याशिवाय

पाऊस आला की कुत्रीसुद्धा आडोशाला जातात. त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पण साबणाच्या कारखान्याचा महिला फुटबॉल संघ त्या दिवशी भर पावसात मैदानावर धावत होता, आणि आत्या अवजारांच्या खोलीच्या दारात उभी राहून दातओठ खात होती.

आत्या म्हणजे मैदान राखणारी. गवत पेरायचं, कापायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, फाटलेल्या जाळ्या शिवायच्या, हे सगळं बावीस वर्षं तिच्याकडे. खरं तर ती एकाच पोरीची आत्या, गोल राखणाऱ्या पोरीची. पण त्या पोरीचं ऐकून ऐकून अख्खा संघ तिला आत्या म्हणायला लागला. पोरीला सगळ्या 'भिंत' म्हणायच्या, कारण चेंडू तिच्या पलीकडे जात नसे. भिंतीचा बाप, म्हणजे आत्याचा पाठचा भाऊ, संघाचा प्रशिक्षक. कारखान्यात फिटर, मैदानावर सर. आत्या त्याला लहानपणापासून ठोंब्या म्हणायची. हे नाव आपण किती विचार करून ठेवलं होतं, याची तिला अलीकडे रोज नव्याने खात्री पटत होती.

गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्याने ठोंब्याचं डोकं फिरलं होतं. शेवटची पाच मिनिटं, बरोबरी, धो धो पाऊस. प्रेक्षकांतून कुणीतरी बोंबललं, "थांबा, थांबा, शिट्टी झाली!" बचावातल्या दोघी थांबल्या. शिट्टी बिट्टी काही झाली नव्हती. समोरच्या पोरीने निवांत चेंडू पुढे घेतला आणि भिंतीच्या डोक्यावरून आत टाकला. थांबल्या दुसऱ्याच, पण बोल लागला भिंतीला. "सरांची मुलगी म्हणून उभी केलीय गोलात," असं लोक तिच्या तोंडावर म्हणाले. पोरगी चार दिवस धड जेवली नाही.

तेव्हापासून ठोंब्याने दोन नियम केले. एक, पाऊस असो वा वारा, सराव उघड्यावरच. दोन, शिट्टी वाजल्याशिवाय थांबायचं नाही आणि मैदान सोडायचं नाही. आता नियम करून माणसाने गप्प बसावं की नाही? पण हा पडला हाडाचा मास्तर. ऐन सरावात मध्येच तो बोंबलायचा, "आग लागली! पळा!" कधी म्हणायचा, "अगं, तुझी सासू आलीय गेटवर!" जी मान वळवेल तिला दहा फेऱ्या. जी मैदान सोडेल ती सामन्याला बाकावर. पोरी इतक्या तयार झाल्या की खरोखर सासू आली असती तरी एकीनेही वळून पाहिलं नसतं.

त्या दिवशी सरावाआधीच आत्याने त्याला गाठलं होतं. पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं होऊन येत होतं आणि लांबवर गुरगुरत होतं.

"आज आत घे रे सराव. जिन्यावर पळव त्यांना. वीज आहे."

"ताई, सामना काय ऊन बघून ठेवतात? दहा दिवस राहिलेत."

"पावसाला मी कुठे नाही म्हणतेय? भिजू देत. वीज वेगळी. तुझी पोरगी त्या लोखंडी खांबांच्या मधोमध उभी असते, कळतंय का?"

ठोंब्या हसला. ते हसणं तिला अजिबात आवडलं नाही, कारण त्यात तथ्य होतं.

"गेल्या मंगळवारीही वीजच होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारीही. दोन्ही वेळा मी सराव बंद केला. कुठे पडली ती वीज? तुला गवताची काळजी आहे, सरळ सांग ना."

आत्याची नजर गवताकडे गेली. तीन आठवड्यांपूर्वी तिने अवजारांच्या खोलीकडच्या गोलासमोर नवं गवत पेरलं होतं आणि चारी बाजूंनी दोरी बांधली होती. कोवळे, केसासारखे बारीक कोंब आले होते. पण चिखलात घसरत येणाऱ्या बाईला दोरी काय अडवणार? म्हणून दोनदा नुसत्या पावसाला तिने वीज म्हटलं होतं. ढग ढवळ्या गाईसारखे गरीब होते, आणि ही म्हणाली होती, "गडगडलं, मी ऐकलं." स्वतःच दोनदा 'लांडगा आला' म्हणून ओरडली, आणि आज खरा लांडगा आला तर कुणाला सांगणार? तिला स्वतःचीच चीड आली, आणि ती चीड तिने भावावरच काढली.

"ठोंब्या, तू मरशील एक दिवस आणि सोबत पोरींना घेऊन जाशील."

"साडेचारला सुरू," तो म्हणाला, आणि गळ्यातली शिट्टी बाहेर काढून निघाला. ती शिट्टी त्याच्या खेळायच्या दिवसांतली, पितळी, आत बुचाची गोळी असलेली. दुसरी घ्यायला तो कधी तयार झाला नाही.

पाऊस आला तो आडवाच आला. पहिली वीज चमकली तेव्हा आत्याने मनात आकडे मोजले. बारापर्यंत पोहोचली आणि गडगडलं. दुसऱ्या वेळी सात. ती दारातून ओरडली, "अरे, जवळ येतेय!" मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या ठोंब्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या वेळी चारच मोजून झाले. आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला, आणि ठोंब्याने मान वर केली. इतक्या लांबूनही आत्याला त्याचा चेहरा दिसला. त्याने घाईघाईने शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली.

फुस्स.

पुन्हा फुंकली. शिट्टी झटकली, मांडीवर आपटली, पुन्हा फुंकली. पाणी पिऊन आतली बुचाची गोळी फुगली होती आणि घट्ट अडकून बसली होती. त्या शिट्टीतून नुसती थुंकी उडत होती.

"आत या!" तो ओरडला. "वीज आहे! सगळ्या आत पळा!"

मैदानभर हसू पसरलं.

"आज वीज का, सर?" पॅकिंग खात्यातली कर्णधार चेंडू पुढे ढकलत म्हणाली. "परवा आग होती."

"अगं खरंच सांगतोय! देवाशपथ!"

"देवाशपथ परवाही झाली होती!"

ठोंब्या दोन्ही हात हलवत आत धावला. पोरींना वाटलं, आज सर जरा जास्तच रंगात आलेत. त्याने एकीचा दंड धरला, तर ती दंड सोडवून चेंडूमागे पळाली, आणि बाकीच्यांनी तिला शाबासकी दिली. लांबच्या टोकाला, गुणफलकाच्या उंच लोखंडी खांबाशेजारच्या गोलात, भिंत गुडघे वाकवून उभी होती. केस गालांना चिकटलेले, हातमोजे पुढे, नजर चेंडूवर. ती घाबरली होती, हे आत्याला तिच्या खांद्यांवरून कळत होतं. लहानपणी विजेला घाबरून ही पोरगी आत्याच्याच पांघरुणात शिरायची. पण बाकीच्या उभ्या होत्या, आणि सरांच्या मुलीने सगळ्यांत आधी पळून कसं चालेल?

"अगं ये ना गं! खरी वीज आहे!" आत्या किंचाळली.

"आत्यालाही सामील करून घेतलंय!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाचा राग आला, त्या गाढव शिट्टीचा आला, हसणाऱ्या पोरींचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या जिभेचा आला. बावीस वर्षं या मैदानावर तिचा शब्द चालत होता. तो शब्द तिने चार मुठी गवतासाठी फुकट घालवला, आणि आता ऐन वेळी तिच्याजवळ खर्चायला दुसरा शब्दच नव्हता.

मग ती धावली. वय चोपन्न, डावा गुडघा कुरकुरणारा, पायात गुडघ्याएवढे रबरी बूट. कडेने जायला वेळ नव्हता. समोर तिची स्वतःची दोरी होती. तिने ती ओलांडली आणि नव्या गवतातून सरळ निघाली. प्रत्येक पावलाला बूट वीतभर रुतत होता आणि उपसताना कोंबांसकट मातीचं ढेकूळ घेऊन वर येत होता. एकदा ती हातांवर पडली, उठली, पुन्हा धावली.

हसणं थांबलं.

ओल्या गवतावर चुकून पाय ठेवला म्हणून याच बाईने खुद्द कारखान्याच्या मॅनेजरला सगळ्यांदेखत झापलं होतं. तीच आता आपल्या हाताने पेरलेलं गवत तुडवत येत होती. पॅकिंगवालीने चेंडू सोडला. "अगं, आत्या गवतातून येतेय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "खरंच आहे वाटतं. पळा!"

सगळ्या पळाल्या. भिंतही गोल सोडून निघाली. अर्ध्या मैदानात आत्याने तिचं मनगट धरलं ते कपडे बदलायच्या खोलीत पोहोचेपर्यंत सोडलं नाही. शेवटची पोरगी आत आली, ठोंब्याने दार लोटलं, आणि खिडक्या पांढऱ्याफटक झाल्या. आवाज त्याच क्षणी आला. मोजायला काही उरलंच नव्हतं.

खिडकीतून पाहिलं तेव्हा गुणफलकाच्या खांबातून धूर निघत होता. शेजारच्या गोलाची जाळी एका बाजूने वितळून लोंबत होती.

बाकाखाली पाण्याची थारोळी साचली. एक पोरगी रडायला लागली, दुसरीने तिला जवळ घेतलं. ठोंब्या दाराला टेकून उभा होता. ती शिट्टी अजून त्याच्या मुठीत होती.

"मी ओरडत होतो," तो मुलीला म्हणाला. "इतका ओरडत होतो. बापाचा आवाज कळला नाही का गं तुला?"

मैदानाच्या आवारात ती त्याला नेहमी सर म्हणायची. आज विसरली.

"कळला ना, बाबा. पण तूच सांगितलं होतंस, तुझा आवाज ऐकायचा नाही म्हणून."

ठोंब्या खाली बसला. मनगटाने डोळे पुसायला लागला. दुसरी वेळ असती तर आत्याला त्याची दया आली असती.

"रड," ती म्हणाली. "आता रड चांगला. स्वतःच्या लेकीचे कान बंद केलेस आणि वर विचारतोस ऐकू आलं नाही का! अरे, गेल्या वर्षी एक कप गेला. कप! पत्र्याचा! त्याच्यासाठी तू यांना काय शिकवलंस, तर आग म्हटलं की हसायचं, वीज म्हटलं की हसायचं. पावसात खेळायचं तर खुशाल खेळा ना. चिखलात लोळा. पण माणसाच्या हाकेची किंमत घालवायची नसते रे ठोंब्या."

तो शिट्टीकडे बघत होता. भिंत मात्र तिच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेपुढे आत्याला पुढचंही बोलावंच लागलं.

"आणि मीही शहाणी नाही," ती सगळ्यांना म्हणाली. तोंड रागातच होतं, कारण दुसरं कुठलं तोंड तिच्याजवळ त्या वेळी नव्हतं. "मंगळवारी वीज नव्हती. शुक्रवारीही नव्हती. मी गवतासाठी खोटं बोलले. पेरलं तेच उगवलं. झालं समाधान?"

कुणाचंच समाधान झालेलं दिसलं नाही. पॅकिंगवालीने तेवढं विचारलं, "मग आत्या, आता कुणाचं ऐकायचं?"

याचं उत्तर ठोंब्याने तिसऱ्या दिवशी दिलं. सरावाला पोरी जमल्या तेव्हा त्याच्या गळ्यात गोळी नसलेली नवी प्लास्टिकची शिट्टी होती. ती त्याने सगळ्यांसमोर नळाखाली धरून वाजवून दाखवली. मग म्हणाला, "मी आता खोटं ओरडणार नाही. आणि आत्याने हात वर केला की शिट्टीची वाट बघायची नाही. चेंडू गोलरेषेवर असला तरी सोडायचा आणि आत पळायचं. आत्या सांगेल ते शेवटचं."

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. अकरा जणी आणि ठोंब्या, सगळे एकदम तिच्याकडे बघायला लागले. लांबचा गोल अजून जळक्या जाळीचा, वापरायच्या कामाचा नव्हता. खेळायचं तर अलीकडच्याच गोलात, नव्या गवतावर. तिथे बुटांनी पाडलेली भोकं तिने दोन दिवस बसून बुजवली होती, त्यात पुन्हा बी टाकलं होतं.

"ताई," ठोंब्याने विचारलं, "वीज आहे?"

आत्याने आभाळाकडे पाहिलं. राखाडी, सपाट, मुकाट आभाळ. कान देऊन ऐकलं. नुसती रिपरिप. 'आहे' एवढं म्हटलं असतं तर सगळ्यांनी डोळे झाकून ऐकलं असतं, आणि नेमकी तीच अडचण होती.

"नाही," ती म्हणाली. "नुसता पाऊस आहे. खेळा."

तिने स्वतःच्या हाताने दोरी सोडली. भिंत गोलात जाऊन उभी राहिली आणि पहिल्याच चेंडूला तिने उजवीकडे जी झेप घेतली, ती हातभर गवत सोलून काढत गेली. "मेली, सगळं उपटलं!" आत्या ओरडली. पण तिने दोन्ही हात खिशात घातले, आणि साडेसहाला शिट्टी वाजेपर्यंत बाहेर काढले नाहीत.