कोरसमधला आवाज

प्रेमिला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा रोशनीने, माझ्या मुलीने, विचारलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी आईचं गाणं लावायचं का. मी हो म्हणालो. मग प्रश्न आला, कशावर लावायचं.

गाणं एकच आहे. आमच्या लग्नानंतरच्या दिवसांत विहारातल्या काही बायकांनी एका भीमगीतांच्या कॅसेटला कोरस दिला होता. दीक्षाभूमीवर गर्दीच्या दिवसांत ती स्टॉलवर विकली गेली. एक आमच्या घरी राहिली. प्रेमिलाचा दुसरा कुठला आवाज माझ्याकडे नाही. फोन समोर धरला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

दुसऱ्या कडव्यानंतर कोरसमध्ये एक आवाज बाकीच्यांच्या वर जातो आणि ओळ संपली तरी थोडा रेंगाळतो. तो तिचा. ही ओळ आली की मी हातातलं काम थांबवायचो.

आता कोणीतरी तीच कॅसेट ॲपवर चढवली आहे. रोशनी पुण्याहून एक लहान गोल स्पीकर घेऊन आली आणि फोनवरून गाणं लावलं. वाईट होतं असं मी म्हणणार नाही. ढोलकीची थाप वेगळी, पेटी वेगळी, गायकाने श्वास घेतलेलासुद्धा कळत होता. पण वर जाणारा आवाज बाकीच्यांच्या बरोबरीला आला होता. मी तसं सांगितलं.

रोशनी म्हणाली, “बाबा, कॅसेटवर नुसती सरसर हाये. आई मले फोनवरच ऐकू येते.”

मी विचारलं, कोणता आवाज. तिने एक खालचा, जाडसर आवाज दाखवला. म्हणजे ती आणि मी दोन वेगळ्याच बायका ऐकत होतो.

कॅसेट आणि फोन, दोन्ही एकाच खुर्चीत बसून ऐकायचं ठरलं. त्याआधी टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता म्हणून मी सीताबर्डीत नेऊन तो बदलून आणला. तर गाणं पहिल्यापेक्षा भरभर वाजायला लागलं आणि तो वरचा आवाज बारीक झाला. रोशनीने फोनशी जुळवून पाहिलं. म्हणाली, आता टेप बरोबर आहे, आधी हळू चालत होता. मग इतकी वर्षं मी जो ऐकला तो आवाज कसा होता? पट्टा कधी सैल झाला तेही मला माहीत नाही. प्रेमिला घरात बोलायची तेव्हा तिचा आवाज बारीक होता की जाड, हे मी आठवायला बसलो आणि मला ते नक्की सांगता येईना.

पुष्पलताबाई त्या कोरसमध्ये होत्या. त्या दिवशीच्या खिरीला दूध किती घ्यायचं हे विचारायला त्या आल्या, तेव्हा आम्ही त्यांना बसवलं आणि आधी टेप, मग फोन ऐकवला. वरचा आवाज आला तशा त्या हसल्या.

“हा तर माहा हाये, भाऊजी.”

रोशनीने खालचा आवाज दाखवला. तो जरीपटका वस्तीतल्या एका बाईचा निघाला. मग आई कुठे आहे, असं तिने विचारलं. पुष्पलताबाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं आम्हाला माहीत आहे.

“तिले त्या दिवशी खोकला होता. गाणं बसवणाऱ्या मास्तरनं म्हटलं, तू गाऊ नको, टाळ्या वाजव. तिनं टाळ्याच वाजवल्या.”

मी म्हणालो की मी तिला कितीदा म्हटलं होतं, हा तुझाच आवाज. ती कधी नाही म्हणाली नाही.

“मले सांगे ना ती. म्हणे, आमचे हे तुह्या आवाजावर फिदा हायेत वं, पाहून ठेव.”

रोशनी हसली आणि मग माझ्याकडे पाहून थांबली. प्रेमिला कधी हो म्हणाली होती का, हे मी आठवत होतो. ती हसायची, एवढंच आठवलं. मला न सांगता ती माझी गंमत करत होती की मला वाईट वाटेल म्हणून गप्प होती, हे आता कोणाला विचारायचं?

मग आम्ही टाळ्या ऐकल्या. कॅसेटवर त्या ढोलकीत मिसळून जातात. फोनवर सुट्या येतात. त्यामुळे फोनच लावायचं ठरलं. पण टाळ्या वाजवणाऱ्या दोघी होत्या, की तिघी, हे पुष्पलताबाईंना आठवेना. यातली प्रेमिलाची कोणती, असं मी विचारलं.

“टाळीवरून कशी वळखू, भाऊजी?” त्या म्हणाल्या.

पुण्यानुमोदनाला हॉल भरला. भन्तेजींनी वंदना घेतली, मी दोन शब्द बोललो आणि रोशनीने गाणं लावलं. पहिलं कडवं सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मला टाळ्या ऐकू येत होत्या. एक जवळची, एक मागची. मागची तिची असेल असं मी धरून चाललो होतो, ती तशीच मागे उभी राहायची. दुसरं कडवं आलं आणि पुढच्या बायकांनी ठेका धरला, आपल्याकडे कार्यक्रमात धरतात तसा. मग पुरुषांनी. रोशनीने आवाज वाढवला, पण स्पीकर लहान होता. हॉलमधल्या टाळ्यांमध्ये फोनमधल्या टाळ्या हरवल्या. लोकांना थांबवावं असं वाटलं, पण ते तिच्यासाठीच वाजवत होते. मी हात मांडीवर ठेवून कान देऊन बसलो.

गाणं संपल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, एकदा आणखी लावा. रोशनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नको म्हणून, माझं मलाच ठरलं नव्हतं. तिने हो समजून पुन्हा लावलं, आणि या वेळी लोकांनी पहिल्या ओळीपासूनच टाळ्या धरल्या.