झेंडूच्या फुलातले दोन दिवस

मित्रांनो, जरा जवळ या. अजून जवळ. हं, आता दिसलो ना? मी एक जुना बर आहे. दातांचे डॉक्टर किडलेला दात कोरायला यंत्रात जी इवलीशी कोरणी बसवतात, तिला बर म्हणतात. माझी दांडी काडेपेटीतल्या काडीएवढी आणि टोक मोहरीहूनही बारीक. त्यामुळे आयुष्यभर मला दोनच गोष्टींची भीती. एक मोडण्याची, दुसरी हरवण्याची. मोडलो कधीच नाही. हरवलो मात्र एकदा, आणि तेही माझी काळजी घेणाऱ्या हातून.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही भावंडं एका डबीत बसून पारनेरला डॉ. राधाकृष्ण यांच्या दवाखान्यात आलो. माझा आवाज सुरू झाला की मुलं डोळे गच्च मिटून घेत. खरं सांगू? मला फार वाईट वाटायचं. मी दुखवायला नव्हे, दुखणं काढायला आलो होतो, पण खुर्चीतल्या माणसाला ते सांगणार कोण? डॉक्टर एकदा मला भिंगाखाली धरून म्हणाले होते, "हा छोटा पठ्ठ्या फार इमानी आहे." त्या एका शाबासकीवर मी कित्येक वर्षं काढली.

मग दवाखान्यात नवं, भन्नाट वेगाचं यंत्र आलं. त्याला सडपातळ दांडीचे बर लागत. माझी रवानगी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत झाली आणि डबीची टेबलाच्या खालच्या खणात. तिथे रबरबँड होते, वाळलेलं पेन होतं आणि अंधार होता. आपली गरज संपली, हे तिथे पडल्या पडल्या हळूहळू कळतं.

मी त्या खणात पडलो होतो, तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी माझ्यासारख्याच कोणाला तरी शोधत होती. तिचं नाव धनश्री. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गिटार बनवते. शेजारच्या बजरंगतात्यांची स्नेहल परदेशी दवाखान्यात परिचारिका म्हणून निघाली होती आणि तिची गिटार धनश्रीनेच बनवली होती. एके दिवशी तात्या शेडच्या दारात उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "धने, पोरगी लई लांब चाललीया. गिटार संगं नेनार हाय म्हनती. तिच्यावर आपल्या रानातलं ज्वारीचं कणीस काढून देशील का?"

धनश्रीने क्षणात हो म्हटलं आणि मग कपाळाला हात लावला. गिटारच्या वरच्या टोकाला, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, तिथल्या शिसवीत ज्वारीच्या दाण्याएवढ्या खाचा कोरायच्या आणि त्यात गोदावरीच्या शिंपल्यांचे तुकडे जडवायचे. शिंपले कोपरगावच्या मावशीने पाठवले. खाचा कोरायला बारीक कोरणी मात्र मिळेना. नगरमधल्या दुकानदाराने सगळ्यात लहान म्हणून जी दाखवली, तिने एका घासात तीन दाणे गिळले असते. "याच्यापेक्षा बारीक पाहिजे आसंल तर सुईच घेऊन जा, ताई," तो हसून म्हणाला. मोबाईलवरून मागवलेली पहिल्याच खाचेत मोडली.

त्यात धनश्रीची दाढ ठणकायला लागली. ती आमच्या दवाखान्यात आली, खुर्चीत टेकली, डॉक्टरांनी तोंडात कापूस भरला आणि तेवढ्यात तिला समोरच्या तबकातले बर दिसले. झालं! ती हातवारे करत "अं! अं!" करायला लागली.

"फार दुखतंय का?" डॉक्टरांनी घाबरून विचारलं.

तिने जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा तबकाकडे बोट केलं. कापूस निघाल्यावर उलगडा झाला, तेव्हा डॉक्टर पोट धरून हसले. तबकातले नवे बर तिच्या कोरायच्या हातयंत्रात सैल बसले असते. म्हणून त्यांनी खालचा खण उघडला. डबीचं झाकण निघालं आणि माझ्यावर कित्येक वर्षांनी उजेड पडला.

मित्रांनो, शिसवीला दातासारख्या वेदना होत नाहीत. मी कोरत होतो आणि समोर कोणी डोळे मिटत नव्हतं. उलट धनश्री ते विस्फारून बघत होती. एकेक दाणा शिंपल्याचा होऊन चमकू लागला. नवरात्र आलं तोवर जवळजवळ सगळं कणीस भरलं. देठ आणि शेंड्याचे थोडे दाणे राहिले. स्नेहल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघणार होती.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि त्यांना विश्रांती असते. धनश्रीने पाटावर रंधा, पटाशा, करवत मांडली, हळदकुंकू वाहिलं. मी मात्र सारखा घरंगळत होतो. "हा कुठंतरी जाईल बाई," असं म्हणून तिने मला एका टपोऱ्या झेंडूत उभा खोचला. हरवू नये म्हणून!

दसऱ्याच्या सकाळी तिची आई लंकाबाई शेड झाडायला आली. तिने पाटावरची फुलं ओंजळीने गोळा केली आणि नेहमीसारखी सीताफळाच्या बुंध्याशी टाकली. मी त्यातच होतो. मी ओरडलो असतो, पण मला फक्त यंत्रात आवाज आहे. दिवसभर सोनं द्यायला माणसं आली, गेली. शेडकडे कोणी फिरकलं नाही. रात्री फुलाला दव लागलं आणि माझ्या पोलादी दांडीला गंजाची नवीच भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनश्रीने काम काढलं, तर पाटावर ना फुलं होती, ना मी.

"आई, पाटावरची फुलं कुठंयत?"

"सीताफळाखाली टाकली. का गं?"

"त्यात माझा बर होता!"

"आगं बया! मला न्हाई माहीत!"

"तुझी चूक न्हाई, आई. मीच शहाणी. मीच खोचला त्याला."

डॉक्टर सुट्टीला गावी गेलेले. दुसरा बर मिळायची सोय नव्हती. दोघी धावत बाहेर आल्या, तर तिथे वेगळाच घोळ. घरची शेळी दावं सोडवून आली होती आणि झेंडूची फुलं एकेक करून निवांत चावत होती. माझ्या शेजारचं फूल तिने उचललं. तिचा गरम श्वास माझ्यावर आला. मला माझ्या जिवाची भीती वाटलीच, पण तिच्या घशात मी अडकलो असतो तर? मी दुखणं काढणारा!

"हाड! हाड!" लंकाबाईने शेळीला ओढलं आणि तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. "हिनं गिळला तर न्हाई ना गं?"

धनश्री आत पळाली आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आली. ती ते ओल्या पाकळ्यांवरून हळूहळू फिरवू लागली. मला आधी थोडं खेचल्यासारखं वाटलं. मग 'टक' असा आवाज झाला आणि मी चुंबकाला चिकटलो, अंगावर दोन पाकळ्या घेऊन. धनश्री मातीतच बसली. हसता हसता तिला रडू आलं. लंकाबाईने शेळीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोठ्ठा सुस्कारा टाकला. मित्रांनो, मला सुस्कारा टाकता येत नाही, नाहीतर माझा सगळ्यात मोठा निघाला असता.

दुपारपर्यंत देठ झाला, दाणे बसले. घाईत शेंड्याचा एक दाणा मात्र तिरका गेला. तात्या गिटार न्यायला आले, तेव्हा तिने आधी तोच दाखवला. "तात्या, हा जरा वाकडा झाला. थांबा, काढून परत बसवते."

तात्यांनी कणसावरून अंगठा फिरवला. शेंड्याशी तो थांबला. "राहू दे, पोरी. रानातल्या कणसात सगळं दानं सारखं कुठं असत्यात? स्नेहल वळखील याला." एवढं बोलून ते गिटार छातीशी धरून वळले, कारण डोळे पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

त्या संध्याकाळी धनश्रीने लाकडाच्या ठोकळ्याला माझ्या मापाचं भोक पाडलं. तेव्हापासून तेच माझं घर. मित्रांनो, लहान वस्तूवर नुसतं प्रेम करून भागत नाही, तिला तिची जागाही द्यावी लागते. आणि फुलं टाकण्याआधी, खण बंद करण्याआधी एकदा नीट बघत जा. आमच्यासारख्यांना हाक मारता येत नाही.

पुढच्या खंडेनवमीला पाटावर पुन्हा सगळी हत्यारं मांडली गेली. मला कोणी झेंडूत खोचलं नाही. मी ठोकळ्यातच होतो. धनश्रीने एका फुलाची एकच पाकळी तोडली आणि माझ्यावर वाहिली. मला तेवढीच पुरते.